रक्षाची पूर्ण हजेरी

दत्तोपंत माणसं पाहायचे ती भाजीवालीकडची वांगी पाहावीत तशी, उलटीपालटी करून. वर्ध्याच्या एका कचेरीत तेहतीस वर्षं कारकुनी केलेली. अर्ज समोर आला की त्यातलं खोटं आपल्याला वासावरून कळतं, असं ते स्वतःच सांगत. निवृत्तीनंतर एका मंडळानं त्यांना फिरतीचं काम दिलं. खेड्यातल्या शाळेत जायचं आणि चौथीतली एक हुशार, गरीब मुलगी निवडायची. दहावीपर्यंत तिचा खर्च मंडळ करणार. अट एकच, हजेरी नव्वद टक्के हवी.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात ते अल्लीपूरला एसटीतून उतरले आणि कापसाच्या वावरांमधून तासभर चालत एका दोन खोल्यांच्या शाळेत पोचले. ज्योत्स्नाबाईंनी हजेरीपट पुढे ठेवला. दिवाळीनंतर सगळ्या पोरी कापूस वेचणीला गेलेल्या. नावांपुढे नुसत्या गैरहजेऱ्या. फक्त रक्षा चिंधू या मुलीचा एकही दिवस बुडालेला नव्हता.

“बाप काय करतो हिचा?”

“मजुरी. आईसुद्धा.”

“जमीन?”

“दारातली तुळस आहे ना, तेवढी.”

“आणि पोरगी वेचणीला जात नाही? बाई, कचेरीत मी काय माशा मारत होतो?”

ज्योत्स्नाबाई फडकं झटकायला बाहेर गेल्या. फडकं स्वच्छ होतं, हे दत्तोपंतांनी टिपलं. मग त्यांनी रक्षाची वही उघडली. एका दिवशी अक्षर उभं, दुसऱ्या दिवशी तिरपं. पुन्हा उभं, पुन्हा तिरपं.

“हे कोणाचं गं?”

“माहं.”

“आणि हे तिरपं?”

“ते बी माहंच जी.”

“एक दिवसाआड हात बदलतो वाटतं तुझा?”

मागची पोरं खिदळली. रक्षा खाली बघत म्हणाली, “बाईले काई म्हनू नका जी. आमीच त्याइच्या पाया पडलो.”

मग सगळं बाहेर आलं. मोठी बहीण रुख्मिणी. मागच्या वर्षी तिचं नाव बापानं शाळेतून काढलं. घरात शाळेचा ड्रेस एक. एक दिवस ही शाळेत, ती वावरात. दुसऱ्या दिवशी ती शाळेत, ही वावरात. बाई ‘रक्षा’ म्हणून पुकारत आणि बसलेली असेल ती ‘हजर’ म्हणे.

दत्तोपंतांनी पेनाला टोपण लावलं. “ती कुठाय आत्ता?”

रुख्मिणी शाळेमागच्याच वावरात होती. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस फुगलेला, बोटं झाडावरून झाडावर चाललेली.

“आज शाळेत काय शिकवलं?” दत्तोपंतांनी दरडावून विचारलं.

“आजचं मले आत्ता कसं मालूम राहीन? रक्षी घरी आली का समजते. परवाचं इचारा.”

“परवा तू शाळेत होतीस?”

“नाई. वावरात होती.”

आणि हात न थांबवता तिनं परवाचा अख्खा दिवस सांगितला. भागाकाराची पाच गणितं. तिसऱ्यात बाईंनी बाकी चार लिहिली, मग पुसून सात केली अन् म्हणाल्या, ‘आज मीच झोपले वाटतं.’ मग खोकल्या. रुख्मिणी तशीच खोकली. मग वर्धा नदी कुठून येते, कुठं जाते. कविता सांगताना बाई जिथं थांबल्या होत्या, तिथं तीही थांबली.

“आणि सांगताना एखादीनं काही गाळलं तर?”

“ऐकनारीचा मार बसते,” ती सहज म्हणाली. “मी गाळलं तं मले. तिनं गाळलं तं तिले.”

दत्तोपंत वावराच्या बांधावरच बसले. त्यांच्या नातवाला, राजसला, तीन शिकवण्या होत्या. परवा काय झालं विचारलं की तो पंख्याकडे बघायचा. आणि इथं रोज संध्याकाळी एका चुलीपुढे सगळी शाळा पुन्हा भरत होती, बाईंच्या खोकल्यासकट.

“दोघींची नावं पाठवतो,” ते एकदम म्हणाले. “मंडळाशी भांडतो मी.”

तिचे हात पहिल्यांदा थांबले.

“असं नोका करू जी. दोघी गेलो तं कापूस कोन येचन? बाप दोघीइलेही घरी बसवन. एकच नाव राहू द्या. अल्लीपूरले पाचवीत लई पोरी असतेत म्हंते. तिथं आज रक्षी आली का मी, कोन वळखते?”

दत्तोपंत धोतर झटकत उठले. इतका पक्का हिशेब त्यांनी कुठल्या साहेबाच्या टेबलावरही पाहिला नव्हता.

शाळेत परतून त्यांनी फॉर्म काढला. न तपासलेला आकडा त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. खिडकीखालच्या तरटाच्या पट्टीवर रक्षाची जागा होती. जूनपासून ती एकदाही रिकामी राहिली नव्हती. त्यांनी लिहिलं, ‘शंभर टक्के’, आणि सही ठोकली.

“झालं तुझं काम,” ते रक्षाला म्हणाले.

पण पोरीचा चेहरा पडलेलाच.

“आता काय गं?”

“तुमी आले अन् आजचा भूगोल बुडाला. घरी रुख्मीले मी काय सांगू?”

दत्तोपंतांनी ज्योत्स्नाबाईंकडे पाहिलं. बाईंनी नकाशा खिळ्याला अडकवला. अल्लीपूरहून चारची बस गाठायची तर आत्ताच निघायला हवं होतं. दत्तोपंतांनी चपला दाराशी काढल्या, मागच्या पट्टीवर मांडी घातली आणि बाई काय सांगतात ते ऐकत बसले.