कळवणच्या ताई

एसटीडी बूथचं दार ओढून घेत आशानं रिसीव्हरवर पदर धरला आणि सासऱ्यांच्या कार्यक्रमाला फोन लावला. धनराज महाराज तेव्हा पंचवटीतल्या केबल चॅनेलवर थेट ‘मनातलं विचारा’ करत बसले होते. त्यांच्या सीड्या पिंपळगावच्या टेंपोंतही वाजायच्या. धर्माबद्दल कुणी काहीही विचारलं तरी महाराज रागवत नसत, याचंच लोकांना कौतुक. घरात मात्र त्यांना काही विचारायची कुणाची छाती नव्हती.

"कळवणहून बोलतेय, महाराज. मला नवरा नाही. उद्या लेकीची हळद आहे. मी लावली तर चालेल?"

"आईच्या हाताला कसला दोष, ताई? बिनधास्त लावा. कुणी अडवलं तर माझं नाव सांगा."

घरी परतताना आशाला हसू आवरेना.

सकाळी सवाष्णींनी संध्याला हळद लावली. मुलाकडच्या बायका समोरच बसल्या होत्या. आशा पुढे झाली, तिनं वाटीत बोटं बुडवली, आणि सासूनं, मंगलाबाईंनी, तिचं मनगट धरलं.

"मामंजी, कालच्या कळवणच्या ताई म्हणजे मीच," आशा म्हणाली. "तुम्हीच लावा म्हणालात."

महाराज इथंही रागावले नाहीत.

"मी कुठं नाही म्हणतोय? पण संसार पोरीचा आहे, तिलाच विचारू." ते नातीकडे वळले. "बोल बाळा, अगदी मोकळेपणानं. आईच्या हातची चालेल? उद्या काही बरंवाईट झालं तर आम्हाला बोल लावायचा नाही."

संध्यानं होणाऱ्या सासूकडे पाहिलं. मग तिनं गाल बाजूला केला.

"नको ना गं, आई."

आशा आत गेली आणि तिनं चहाचं आधण ठेवलं.

संध्याकाळी लग्नघर टीव्हीपुढे जमलं. आशा सगळ्यांना चहा देत होती.

"कालच्या कळवणच्या ताईंचा फोन आला होता," महाराज पडद्यावरून भरल्या गळ्यानं सांगत होते. "लावली त्यांनी लेकीला हळद! मायलेकी गळ्यात पडून रडल्या म्हणे."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"नशीब काढलं बाई त्या माउलीनं," त्या म्हणाल्या, आणि कप पुढे केला. "आशा, साखर कमी पडलीय गं."

संध्या मान खाली घालून बसली होती. आशानं कप घेतला. साबणानं दोनदा धुऊनही तिची बोटं पिवळीच होती.