अटिंगबाईंनी वाचलेलं पत्र

बटण तिच्या ओळखीचं होतं — बैलाच्या शिंगाचं, कडेला कपचा उडालेलं, तिच्याच बापानं घासून दिलेलं — दोरा मात्र ओळखीचा नव्हता. चार भोकांतून फुलीसारखा गेलेला, आणि मग बटणाखाली, कापडाला लागून, सात-आठ वेढे देऊन मारलेली घट्ट गाठ. टॉमसिन असं बटण लावत नसे. तिचे टाके शेजारी शेजारी, दोन आणि दोन. लग्नाला अकरा वर्षं झाली, लायनेलच्या अंगावरचं प्रत्येक कापड तिच्या हातून गेलेलं, आणि आता बाही उसवली म्हणून तिच्या मांडीवर आलेल्या या डगल्यावर, छातीच्या डाव्या बाजूला, दुसऱ्याच कुणाच्या हातची गाठ.

कुणाच्या, ते विचारायची गरज नव्हती.

"दूध आधी घालत जा," लायनेल म्हणाला. तो मक्याच्या लापशीचा वाडगा घेऊन चुलीपाशी बसला होता. "लापशी कढत असतानाच. अटिंगबाई तसंच करतात."

"मग त्यांच्याकडेच जेवत जा."

"पहिला हिवाळा तिथंच जेवत होतो," तो म्हणाला. साधेपणानं. टोमणा याच्या अंगाला लागतच नाही, पाणी बदकाच्या पाठीवरून जातं तसा निघून जातो, आणि मारणाऱ्याचाच हात भरून येतो... त्यानं वाडगा बोटानं निपटला, डगला अंगात घातला, विळा घेतला आणि खाडीकाठच्या खाजणातलं गवत कापायला निघून गेला. ते बटण त्यानं न बघताच लावलं.

तीन वर्षं हा माणूस इथे एकटा होता. म्हणजे, एकटा होता असं ती मायदेशी सफोकमध्ये बसून समजत होती. शेजारच्या गावातल्या पंचवीस घरांबरोबर तो सोळाशे पस्तीसच्या वसंतात समुद्रापलीकडच्या नव्या मुलुखाला जाणाऱ्या जहाजावर चढला, जमीन मिळाली की बोलावतो म्हणाला, आणि बोलावलंही. माणूस शब्दाचा पक्का. पण इथे येऊन अकरा आठवडे झाले तरी ती त्या तीन वर्षांच्या बाहेरच उभी होती. विचारलं, पहिला हिवाळा कसा गेला, तर म्हणे — थंड होता. आजारी पडला होतात ना? — पडलो होतो. म्हणून मग हरवलेल्या गाईचा माग काढावा तशी ती घरातल्या वस्तूंवरून त्याची तीन वर्षं हुडकत होती. गादीत मक्याची पानं चिरून भरलेली — हे कुणी शिकवलं? दाराला वाळलेल्या पुदिन्याची जुडी — ही कुणी बांधली? कुठेही बोट ठेवलं की खाली तीच गाठ.

"आई, मी जाते," ब्रिजेट म्हणाली. नऊ वर्षांची पोर, अक्षरांची पाटी काखेत. "बाई म्हणतात, बर्फ पडायच्या आत मी छापलेलं सगळं वाचीन. मग हातानं लिहिलेलं."

"बाई म्हणतात, बाई म्हणतात... आई काही म्हणते का?"

पोर गोंधळून बघत राहिली. मग गेली. डॅमरिस अटिंगकडेच. गावातली सगळी पोरं तिच्याकडेच जायची.

झऱ्यावर सिसली फ्रॉस्ट भेटली. तिचं घर कुंपणापलीकडे. हाताला काम कमी आणि जिभेला जास्त. खाडीच्या पलीकडच्या काठावर तिथल्या मूळच्या लोकांच्या बायका वाकून शिंपल्या उकरत होत्या, त्यांचं हसणं पाण्यावरून येत होतं.

"तुमचे मालक म्हणजे, गॅरडबाई," सिसली घडा टेकवत म्हणाली, "तोंडाला कुलूप आणि किल्ली खाडीत!"

टॉमसिन हसली. एवढं तरी हसावं लागतं.

"एकदाच काय ते उघडलं, तुमचं पत्र आलं तेव्हा. पोर गेल्याचं. आपले पाद्रीबाबा तापानं पडलेले, म्हणून तुमचे मालक ते वाचून घ्यायला अटिंगबाईंकडे गेले. त्यांनी वाचून दाखवलं, आणि हा एवढा थोरला बाप्या, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून — वासरू हंबरावं तसा हो! आमचे हे तिकडे कुंपण घालत होते, तिथवर ऐकू आलं." मग तिनं टॉमसिनच्या तोंडाकडे बघितलं. "अगं बाई... सांगितलं नाही की काय त्यांनी?"

"सांगितलं की," टॉमसिन म्हणाली. "सगळं सांगितलंय."

घडा घेऊन ती वळली. पायवाटेनं घराकडे जायचं होतं, ती जात राहिली, आणि घर मागे पडलं हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. मांडीवर डोकं ठेवून. अकरा वर्षांत — त्याची आई गेली तेव्हा, मेंढ्या रोगानं पटापट मेल्या तेव्हा, आपण जहाजाच्या धक्क्यावर गाइल्सला त्याच्या हातातून ओढून घेतलं तेव्हा — कधी डोळा ओला झालेला पाहिला नाही. आणि त्या बाईच्या मांडीवर...

मत्सर कशाचा करावा, यालाही काही रीत असते. नवऱ्याचं हसू दुसरीला मिळालं, अंथरूण मिळालं, तर बाईनं जळावं. चारचौघी समजून घेतात. पण रडणं? मला त्याचं रडणं हवं होतं, हे मी कुणाला सांगणार होते? फेब्रुवारीत गाइल्सचा घसा सुजला आणि चौथ्या दिवशी तो गेला, चार वर्षांचा, आणि जमीन इतकी गोठलेली की कुदळ उडून परत यायची. मी रडले नाही. बियाण्याची कणसं उपाशीपोटीही कुणी खात नाही, तसं मी ते रडणं बाजूला काढून ठेवलं — दोघांचं मिळून होतं ते. अडीच वर्षं सांभाळलं, समुद्रावरून आणलं. आणि किनाऱ्यावर तो म्हणाला, प्रवास कसा झाला? ब्रिजेट उंच झाली म्हणाला. गाइल्सचं नाव नाही. आजपर्यंत नाही.

त्याचं कारण तिला ठाऊक होतं — असं ती समजत होती. पत्रातली ती ओळ. तिला लिहिता येत नव्हतं, गावच्या धाकट्या पाद्र्याला तिनं सांगून लिहवून घेतलं होतं. सगळं सांगून झाल्यावर, तो वाळू टाकून शाई टिपणार एवढ्यात, ती म्हणाली होती, आणखी एक लिहा. *तुम्ही इथे असता तर माझं पोर गेलं नसतं. तुमच्या त्या जमिनीनंच गिळलं त्याला.* पाद्र्याचा हात थांबला होता. लिहा म्हणते ना, असं ती ओरडली होती, चर्चमध्ये.

अटिंगबाई दारातच कणसं सोलत बसल्या होत्या. पोरं परसात कोंबड्यांमागे धावत होती, ब्रिजेटचा आवाज सगळ्यांत वर. पन्नाशी उलटलेली बाई, पुढचे दोन दात नाहीत, बोटं झाडाच्या मुळांसारखी. देखणी असती तर सोपं झालं असतं.

"ये, बस," त्या म्हणाल्या. "पाणी मला आणलंस की काय?"

टॉमसिननं हातातल्या घड्याकडे बघितलं. खाली ठेवला. बसली नाही.

"तो तुमच्यापाशी रडला."

अटिंगबाईंनी एक कणीस पुरं सोललं, टोपलीत टाकलं. "फ्रॉस्टांची सिसली का? तिच्या जिभेवर मका दळून घ्यावा." मग सरळ बघत, "रडला. मग?"

"काय म्हणाला?"

"ऐकायचंय तुला?"

"माझं आहे ते."

"पत्रावरची तारीख विचारली आधी. मग बोटं मोजत बसला. म्हणाला, म्हणजे मी वाटाणा पेरत होतो तेव्हा तो नव्हता. कुंपण घातलं तेव्हा नव्हता. रोज संध्याकाळी मी त्याला ओढ्यापर्यंतची जमीन दाखवत होतो, मनातल्या मनात, ही तुझी, ती तुझी — तेव्हाही नव्हता. मग डोकं टेकलं. माझी मांडी होती म्हणून मांडीवर. ओंडका असता तर ओंडक्यावर टेकलं असतं."

ओंडका नव्हता ना पण, टॉमसिनच्या मनात आलं. तुम्ही होतात. ती ओढ्यापर्यंतची जमीन... मला का नाही दाखवली त्यानं?

"मी लिहिलं होतं ते ऐकून रडला असेल," ती म्हणाली. "शेवटचं."

"ते मी वाचलं नाही."

परसात कोंबडी फडफडली, पोरं हसली.

"माझा बाप चर्चचा लेखनिक," अटिंगबाई म्हणाल्या, दुसरं कणीस उचलत. "लोकांची मृत्युपत्रं, कागदपत्रं लहानपणापासून वाचून दाखवत आले मी. डोळा एक ओळ पुढे असतो माझा. पुढचं दिसलं, आणि थांबले. म्हटलं, पत्र संपलं."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं —"

"कुणी नाही."

"ती माझी ओळ होती!"

"होती. तोंडावर म्हणाली असतीस तर त्याला उत्तर देता आलं असतं, भांडता आलं असतं. कागदाला काय उत्तर देणार तो, एकटा पडलेला, समुद्राच्या या टोकाला? पुढचा हिवाळा निघाला नसता त्याच्यानं." त्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "तू आलीस तेव्हा सांगणार होते. तू माझ्याशी बोलेचनास. चुकले असेन, तर चुकले. तो कागद अजून तुमच्या पेटीत आहे. ब्रिजेट हुशार आहे, वर्षभरात हातचं लिहिलेलं वाचायला लागेल. तेव्हा काय ते बघ."

घडा तिथेच विसरून टॉमसिन परत आली. दोन वर्षं या बाईला माझं सगळ्यांत वाईट वाक्य ठाऊक आहे, आणि तरी माझ्या पोरीला मांडीवर घेऊन अक्षरं गिरवून घेते... आभार मानावेत की झिंज्या उपटाव्यात, तिला ठरवता येईना. नवऱ्याचं रडणं तर हिनं घेतलंच, माझा रागसुद्धा गिळून बसली. पण मग — पाय वाटेतच थबकले — त्यानं ती ओळ ऐकलीच नाही, तर तो गप्प का आहे? अकरा आठवडे ती ज्या भिंतीला डोकं लावून बसली होती ती भिंत तिथे नव्हतीच. मग काय होतं?

ऊन कलता कलता लायनेल आला. गुडघ्यापर्यंत खाजणाचा काळा चिखल. उंबऱ्यावर बसून तो लाकडाच्या ढलपीनं पाय खरवडू लागला. ब्रिजेट अजून आली नव्हती. टॉमसिन त्याच्या मागे उभी होती, म्हणून विचारता आलं. समोरून जमलं नसतं.

"मी पाठवलेलं पत्र. गाइल्सचं."

ढलपी थांबली.

"अटिंगबाईंनी वाचलं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत."

तो पुन्हा पाय खरवडू लागला, तेव्हा हेही उत्तर 'थंड होता' याच जातीचं निघणार असं तिला वाटलं.

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "त्या वाचत होत्या, मी वाट बघत होतो — आता येईल, आता म्हणेल, तुम्ही सोडून गेलात म्हणून पोर गेलं. यायलाच हवं होतं. मीच माझ्या मनाशी म्हणत होतो. नाहीच आलं. घसा सुजला, औषध केलं, देवाची इच्छा... दोषाचा एक शब्द नाही. एवढं सोसून, एकटीनं त्याला पुरून, एक शब्द नाही." त्यानं ढलपी फेकली. "त्यावर जगलो मी, टॉमसिन. असली बायको आहे आपली, तिला इथे आणायचंच, म्हणून रोज सकाळी उठलो अंथरुणातून. पण तू आलीस आणि... तुझ्यासमोर पोराचं नाव कोणत्या तोंडानं काढू? इतक्या चांगल्या बाईसमोर?"

आणि त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. चिखलाचे पाय पुढे पसरून, मान छातीवर टाकून तो रडत होता, तिच्या घरात, तिच्या उंबऱ्यावर. इतकी वर्षं जपून आणलेली वेळ हीच — ती त्याच्या शेजारी टेकली, त्यानं डोकं तिच्या मांडीवर ठेवलं, आणि टॉमसिनचे डोळे कोरडेच राहिले.

कारण तो तिच्या मांडीवर नव्हता. तो त्या दुसरीच्या मांडीवर होता. दोष न देणारी, शांत, देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणारी बाई — तिचंच नाव घेऊन, तिच्या आधी या घरात येऊन राहिलेली. रात्री त्याच्या उशाशी तीच बसली, संध्याकाळी ओढ्यापर्यंत तीच त्याच्याबरोबर चालली. घर बांधलं ते तिच्यासाठी, बोलावलं ते तिला. डॅमरिस अटिंगचा हेवा करता येत होता, तिला दात नव्हते, तिच्याशी भांडता येत होतं. हिच्याशी कसं भांडायचं? ही कधी ओरडली नव्हती, कधी ओरडणार नव्हती.

आणि मी — मला त्या बाईसारखं व्हायचंय का? की तिला या घरातून हाकलायचंय?

तिनं त्याच्या केसांवर हात ठेवला. केसांत गवताची कुसळं होती, ती एकेक काढू लागली. ओठांवर ती ओळ आली होती, तिची स्वतःची, खरी. अडीच वर्षांनीही तितकीच गरम. म्हटली, तर हा माणूस मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे बघेल. माझ्याकडेच. आणि मग पुन्हा कधी अशी मान टाकेल की नाही, कोण जाणे.

"बोल ना काही," मांडीतून त्याचा आवाज आला.

टॉमसिननं आणखी एक कुसळ काढलं.

"ओढ्यापर्यंतची जमीन," ती म्हणाली, "कुठली त्याची होती, ते सांगा आधी."

आणि तो हात वर करून, चिखलाच्या बोटानं दाखवू लागला. ती त्या बोटाच्या दिशेनं बघत होती, ऐकत होती, आणि जिभेखाली ती ओळ तशीच धरून होती — टाकायची की गिळायची, हे अजून न ठरवता.