वापरू नये

"ज्याला खरंच मरायचं असतं ना, तो असं हसत हसत सांगत नाही," तरुण डॉक्टर म्हणाला. "दमलायत तुम्ही. गोळी देतो, घरी जाऊन झोपा."

समोर बसलेला लिफ्ट मेकॅनिक अजून हसतच होता. अनोळखी माणसाशी बोलताना हसायचं, हे ताईनं लहानपणी त्याला आरशासमोर उभं करून शिकवलं होतं, आणि शिकवलेलं विसरणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहे हे अडतिसाव्या वर्षी कळलं. तोवर सगळ्यांच्या लेखी तो एक नंबरचा विक्षिप्त. आज मात्र हा विक्षिप्त माणूस अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून, आपल्या पायांनी इमर्जन्सी विभागात आला होता. नऊ दिवस झोप नाही, जगू नये असं रोज वाटतं, आज घरी एकटं राहायची भीती वाटते, असं त्यानं नीट सांगितलं होतं. याहून सरळ कसं सांगतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

घरी पाठवलं तर रात्र निघणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण डोक्यावरची ट्यूबलाइट किरकिरत होती आणि त्या आवाजात त्याला शब्द जुळवता येईनात. मग त्यानं हत्यारांची पिशवी उघडली, लाल पाटी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

‘बंद आहे. वापरू नये.’

"अहो, हे काय भलतंच?" डॉक्टरला हसू फुटलं.

केसपेपर न्यायला आलेल्या वयस्क सिस्टर मात्र थबकल्या. "ही पाटी कधी लावता हो तुम्ही?"

कामाबद्दल विचारलं की त्याचे शब्द कधी दगा देत नसत. "लिफ्ट चालताना दिसते, पण आत बिघाड असतो, तेव्हा. बाहेरून कळत नाही. मग मालक आला तरी मी काढू देत नाही. एकदा अख्ख्या इमारतीनं शिव्या घातल्या. नाही काढली."

"आणि आज?"

"आज पण नाही काढणार. मी इथून हलणार नाही."

लिफ्टसाठी तो आजवर भल्याभल्यांशी भांडला होता. स्वतःसाठी आज पहिल्यांदाच.

"सर, चेहऱ्याचं राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "ते काय म्हणाले ते वाचा. तुम्हीच लिहिलंय."

डॉक्टरनं कागद पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले. "चुकलं माझं," तो म्हणाला आणि घरी पाठवायचा शेरा खोडून त्यानं ‘दाखल’ लिहिलं.

मेकॅनिकला फार आनंद झाला. त्यानं सांगितलं होतं आणि ते ऐकलं गेलं होतं!

खोलीत सिस्टरनी ट्यूब बंद केली. "बसू का इथे? बोलायचं नाही काही."

"बसा."

संध्याकाळी निरोप मिळून ताई धापा टाकत दारात आली, तेव्हा तो बुटांसकट गाढ झोपला होता, चक्क घोरत. बूट काढायला ती वाकली, मग थांबली, आणि आवाज न करता खुर्ची उचलून त्याच्या पायाशी बसली.