चार हात तोकडा दोर

मी विहिरीचा दोर बोलतोय. अंगणातल्या खिळ्याला वेटोळं करून टांगलेला, टोकाला दगड बांधलेला. स्वभावाने मी जरा चौकस आहे. विहिरीत उतरायचं आणि काहीच विचारायचं नाही, हे मला कधी जमलं नाही.

जन्म माझा तागाचा. दोरवाला उलट्या पावलांनी चालत गेला, त्याची बायको चाक फिरवत राहिली आणि दोघांचं भांडण चालू असताना मला पीळ बसत गेला. चांगला घट्ट बसला. भांडण मोठं असावं.

पहिली काही वर्षं मी बादल्या ओढल्या. दिवसभर पाणी उपसलं जायचं आणि सकाळी पाहावं तर पुन्हा तेवढंच! हे येतं कुठून? तळाशी आहे तरी काय? बादलीला विचारलं, तर ती नुसतीच खडखडली.

मग पंप आला आणि मी खिळ्यावर गेलो. माणसं घरात नळ सोडायची, विहिरीत कोणी डोकावेना. जिच्या पाण्याने रोज सकाळी तोंड धुवायचं, तिच्याकडे एकदा वळूनही बघायचं नाही, याचं मला फार नवल वाटायचं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लॉन्ड्री आहे. तिच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणतात. वरची सहा बिऱ्हाडं आणि खालची लॉन्ड्री या एकाच विहिरीवर चालतात. ती आटली की लॉन्ड्रीला कुलूप. म्हणून मावशींनी मला पुन्हा खाली काढलं. हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दगडापासून विसाव्या गाठीला लाल चिंधी बांधली. दर सोमवारी दगड पाण्याला टेकेपर्यंत मला सोडायचं. चिंधी काठाशी आली, म्हणजे पाणी वीस हात खोल गेलं. त्या दिवसापासून सगळ्यांची आंघोळ एका बादलीत, लॉन्ड्रीत निम्मेच कपडे आणि कपडे खळबळलेलं पाणी झाडांना.

पुढे मावशींच्या गुडघ्यांनी संप केला आणि सोमवारचं काम सुनेकडे आलं. हळूहळू गाठी मोजणं सुटलं. चिंधी दिसली की पुरे, मोजत कोण बसतंय!

एकदा माझं ओलं टोक कुजलं. सुनेने तेवढा भाग कापला आणि दगड पुन्हा बांधला. "थोडंसंच तर गेलं," ती म्हणाली. थोडंसं कसलं, चार हात गेले होते. चिंधी आता दगडापासून सोळाव्या गाठीवर होती. मला कळत होतं, पण दोराचं ऐकतो कोण?

त्या वर्षी चिंधी महिनाभर आधीच काठाशी आली.

"आई, आत्ताच आली हो चिंधी!" सून घाबरून म्हणाली.

"मग लाग कामाला. कपडे निम्मे घे, गिऱ्हाइकांना मी समजावते."

समजावूनही दोन गिऱ्हाइकं तुटलीच. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर खळबळलेलं पाणी जिन्याने कुंड्यांसाठी न्यायचे आणि पायरीपायरीला लॉन्ड्रीचा उद्धार करायचे. पण एक गंमत झाली. पाणी कमी झालं म्हटल्यावर लोक विहिरीत वाकून बघायला लागले. एका सोमवारी हेडमास्तरच ओरडले, "अरे, पाझर बघा! झाडांच्या बाजूच्या भिंतीतून येतोय. फरशी घातलेली बाजू ठणठणीत कोरडी!" इतक्या वर्षांनी माझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, मी आनंदाने तिथेच झुललो. उरलेल्या अंगणातही फरशी घालावी, असा हेडमास्तरांचाच आग्रह होता. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आणखी काही सोमवार गेले. मग हेडमास्तरांनी चष्मा पुसून दगडापासून माझ्या गाठी मोजल्या. "चौदा, पंधरा, सोळा... मावशी, चिंधी सोळाव्या गाठीला आहे!"

सुनेने कपाळावर हात मारला. "टोक मीच कापलं होतं. चिंधी सरकवायची राहिली."

"म्हणजे आम्ही उगाचच बादल्या वाहिल्या?" हेडमास्तर कडाडले.

"आधी पाणी किती आहे ते तरी बघा," मावशी म्हणाल्या.

मला खाली सोडलं. सुनेने एकेक गाठ मोजली. दगड पाण्याला टेकला तेव्हा अठरावी गाठ काठाशी होती.

"दरवर्षी या दिवसांत पंचविसावी असते," मावशी हळूच म्हणाल्या. पलीकडच्या गल्लीतली विहीर तर आठवड्यापूर्वीच आटली होती. आमच्या विहिरीत मात्र पाणी नेहमीपेक्षा सात हात वर होतं.

सून चिंधी सोडून जागेवर बांधायला पुढे झाली. हेडमास्तरांनी हात आडवा घातला. "राहू दे गं. आहे तिथेच बरी आहे. पण यापुढे गाठी मोजायच्या. चूक दर वेळी अशी गुणाची निघत नाही."

आता सोमवारी माझ्याभोवती घोळका असतो. गाठी मोठ्याने मोजल्या जातात, पाझर बघितला जातो. माझं टोक पुन्हा मऊ पडायला लागलंय. कापा, माझी हरकत नाही. फक्त चार माणसांसमोर, मोजून कापा.

आणि तळाशी काय आहे, ते मला अजून समजलेलं नाही. जन्मभराची उत्सुकता आहे ही. तरीही हात जोडून सांगतो, मला तळ दाखवू नका.