पांढरी चिंधी

टेबलावर अंड्यांचा रिकामा ट्रे, आणि त्यात पितळी पुंगळ्या, ज्या क्रमाने झाडल्या त्याच क्रमाने उभ्या. झाडलेली पुंगळी फेकायची नाही, ही आमच्या घरातली जुनी सवय. उद्या सकाळी नऊला धाकट्याची नेमबाजीची निवड चाचणी होती आणि मी दुपारपासून त्या ट्रेभोवती येरझाऱ्या घालत होते.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. घरात त्याला सगळे शांतोबा म्हणतात. रायफल तो चालवतो. तिची दुरुस्ती आणि गोळ्या भरणं माझ्याकडे. आज सरावात रायफलचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारी खिट्टी, अडकला, ठोसा मारून उघडावा लागला. हे मला रेंजवरच्या मास्तरांनी फोनवर सांगितलं. भावाने नाही.

पुंगळीच्या बुडाशी एक छोटी टोपी असते, ठिणगी तिच्यातून पडते. तिच्या कडा गोल राहायला हव्यात. आजच्या पुंगळ्यांवर त्या हातोडीने ठोकल्यासारख्या सपाट झाल्या होत्या. म्हणजे आतला दाब वाढलेला. तो आणखी वाढला असता तर जळता वायू मागे आला असता, थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर.

"तू मध्येच गोळीतली दारू वाढवलीस का?" मी खेकसले.

"नाही गं. गोळ्या तर तूच भरल्यास."

"म्हणजे माझा हात चुकला?"

"तसं म्हणालो का मी?"

तसं तो कधीच म्हणत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. मी उरलेल्या पाच गोळ्या उघडून दारू तराजूवर तोलली. एक दाणा इकडचा तिकडे नव्हता. मग सफाईच्या लोखंडी गजाने नळीतून चिंधी आरपार ढकलली. पांढरीशुभ्र. 'चिंधी पांढरी आली की नळी साफ', हा नियम मीच त्याला शिकवलेला. मग दोष काय हवेचा होता?

शांतोबाने कपाटातून मागच्या दोन महिन्यांचे दोन ट्रे काढून शेजारी मांडले. "ताई, हे ओळीने बघ."

पहिल्या ट्रेमधल्या टोप्या गोल. दुसऱ्यातल्या किंचित बसलेल्या. तिसऱ्यातल्या सपाट. दारू तिन्ही वेळा तीच होती. म्हणजे नळीतच काहीतरी हळूहळू साचत होतं.

त्याने सहा महिन्यांपूर्वी एक बारीक कॅमेरा आणला होता. 'नळीत डोकवायला मला डोळे आहेत' म्हणून मी तो खणात टाकला होता. आता निमूटपणे काढला. पुंगळी संपते तिथे, तिच्या तोंडापुढेच, काजळीचं काळं कडं दगडासारखं घट्ट बसलं होतं. गोळी त्यात आवळली जायची आणि मागे दाब वाढायचा. माझी चिंधी इतके दिवस त्याच्यावरून घसरत होती आणि मी तिच्या पांढरेपणावर खूश होते.

काजळी विरघळवणारं औषध लावलं, अर्धा तास थांबले. म्हणजे फक्त हात थांबले, पाय नाही. ब्रश फिरवला, पुसलं, कॅमेरा घातला, पुन्हा औषध. तिसऱ्या खेपेला कडं गेलं. नळी कोरडी केली, उघडलेल्या पाच गोळ्या तेवढ्याच दारूने पुन्हा भरल्या आणि एक ट्रे सोबत घेऊन उजेड असतानाच रेंज गाठली.

"सरक. आधी मी झाडणार," मी म्हणाले.

एक, दोन, पाच गोळ्या. दर वेळी बोल्ट दोन बोटांनी उघडला. दर वेळी टोपी गोल. शांतोबाने समाधानाने मान हलवली, आणि तेव्हा मला विचारायचं सुचलं.

"बोल्ट जड कधीपासून जात होता?"

"झाले पंधरा दिवस."

"पंधरा दिवस? आणि डोळा लावून बसत होतास? अरे गाढवा, डोळा गेला असता! बोलायला तोंड नव्हतं?"

तो उठून उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"होतं ना तोंड! पण मागे एकदा म्हणालो, गोळी जरा जोरात वाटते, तर तू आठ दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तुला सांगण्यापेक्षा बोल्टला ठोसा मारणं सोपं होतं, ताई!"

ओठांवर उत्तर तयार होतं. माझं नेहमीच असतं. ते मी गिळलं, हातातली पुंगळी ट्रेमध्ये ठेवली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आणखी काय काय सांगायचं राहिलंय?" मी विचारलं. "सांग. मी उठत नाही."

तो बराच वेळ बोलत होता. मी उठले नाही.