मोजलं की लिहायचं

“सही कर नि मोकळी हो, व्हर्लीन,” मुख्य नर्स पॅटी म्हणाली. वयानं लेकीसारखी, पण तोंडी कायम अगंतुगं.

ताकीदपत्रावर लिहिलं होतं: रुग्णाशी चढ्या आवाजात बोलली. खाली सहीची जागा, त्याखाली ‘कर्मचाऱ्याचं म्हणणं’ म्हणून दोन कोऱ्या ओळी. मार्चमध्ये असंच एक पत्र मिळालं होतं. तिसरं मिळालं की मेम्फिसमधली एकोणतीस वर्षांची नोकरी संपली.

आणि बोलली होती काय ती एवढं? सात नंबरच्या खाटेवरच्या गोऱ्या म्हाताऱ्यानं तिचा हात झिडकारला. “ही काळी नको, दुसरी पाठवा!” ती म्हणाली, “साहेब, आज सुई मीच लावणार.” बस्स! म्हाताऱ्याला गोरी नर्स मिळाली, हिला पत्र. चोर सोडून संन्याशाला फाशी!

अपमान गिळून, दात आवळून आवळून तिच्या दाढांना चिरा गेल्या होत्या, कानशिलावरचे केस गेले होते. रविवारी प्रार्थना आटोपली की चर्चमधल्या बायांचा रक्तदाब तीच मोजायची. परवा मदर ओडेसानं, तिथल्या सगळ्यांत वडील बाईनं, तिलाच खुर्चीत बसवलं.

“अगं बये, एकशे शहाण्णव! सुट्टीवर होतीस तेव्हा एकशे चोवीस होता. डॉक्टर म्हणतात, मीठ सोड. मीठ कसलं, तुला ते हॉस्पिटल खातंय! तुझ्या मयताला चर्चच्या नव्या टोप्या घालून यायचं का आम्ही?”

आता व्हर्लीननं पेन घेतलं नाही. बाही वर सारली.

“आधी माझा दाब मोजा, पॅटी मॅडम.”

“हे काय नवीन नाटक?”

“तुम्हीही नर्सच आहात ना? मोजा.”

पॅटीनं चडफडत पट्टा बांधला. आकडा बघून तिचा चेहरा उतरला. “दोनशे चार, एकशे अठरा... बाई गं! तू घरी जा, पड जरा.”

“लिहा.”

“कुठं लिहू?”

“मोजलं की लिहायचं. तुम्ही शिकाऊ होतात तेव्हा मीच शिकवलं होतं.”

पॅटीचा हात काही हलला नाही. मग व्हर्लीननंच पेन उचललं. सहीची जागा कोरी ठेवली. खालच्या ओळींवर आपल्या वळणदार अक्षरात तारीख, वेळ नि तो आकडा लिहिला. दंडाचा पट्टा सोडून नीट गुंडाळून ठेवला.

मग ती खाली तातडीच्या विभागात गेली आणि गणवेशातच रुग्णांच्या रांगेत बसली.