चार महिन्यांची शून्यं

“मॅडम, डिस्क एकदम मस्त हाय. आजही शून्य!” असं म्हणून आमचे ऑपरेटर सदाशिवराव यांनी रोजच्या आकड्यांच्या कागदावर सही ठोकली.

खिडकीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. २००६-०७ चा हंगाम. भाव रोज उतरत होता. आमच्या खरेदी संघाच्या यवतमाळ केंद्रात पावत्या लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या मेनफ्रेममधून निघत आणि एकेका पावतीला पाच-पाच मिनिटं लागत. नोंदी साठवणाऱ्या डिस्कच्या कामगिरीचे आकडे मात्र चार महिने शून्य. त्यामुळे नागपूरच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं : डिस्कला कामच नाही, मशीन सोमवारी इथून हलवा. मग पावत्या नागपूरहून फोनच्या तारेवरून येणार, आणि ती तार दिवसातून तीनदा झोपे.

“काका, आकडे घेता कसे? दाखवा ना.”

सदाशिवरावांनी मोजणी बंद करून पुन्हा चालू केली आणि लगेच आकडे पडद्यावर आणले.

“अहो, असं केलं की आधीची मोजणी पुसली जाते!”

“पुसाचीच असते. वीस वर्सं दारव्ह्याले वजनकाट्यावर होतो मी. काटा शून्यावर आणल्याबिगर वजन घेतलं, तं शेतकरी गचांडी धरते.”

“पण तुम्ही कापसाची बैलबंडी काट्यावर चढल्यावर शून्य करताय!”

त्यांनी जुन्या कागदांची चळत पुढे ओढली.

“अरे बापा! म्हंजे चार महिने मी रिकामा काटा तोलून राह्यलो?”

दुसऱ्या दिवशी नऊला मोजणी सुरू केली. सदाशिवराव कीबोर्डसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. झाडू-पुसायला आलेल्या रुखमाबाईंनाही त्यांनी हटकलं, “फडकं दूर ठेव!”

“काहून? मी का खाऊन राह्यली तुमचा डबा?”

एक वाजता आकडे वाचले. डिस्ककडे आलेल्या मागण्या बत्तीस लाख. प्रत्यक्ष डिस्कवर बहुतेकींना चार मिलिसेकंद. पण त्याआधी रांगेत दोन-दोन सेकंद.

“म्हंजे काटा बराबर हाय,” सदाशिवराव सावकाश म्हणाले. “गर्दी फाटकावर हाय. पण फाटकात आडवं कोन लागलं?”

“साऱ्या नोंदींची नक्कल काढायचं काम. ते सकाळी नऊलाच सुरू होतं.”

“मंग फाटक बंद झाल्यावर लावा ना त्याले!”

मी नागपूरला फोन लावला. आकडे सांगितले. साहेबांनी विचारलं, “मग चार महिने शून्य कोण पाठवत होतं?”

“सर, मोजणीच्या पद्धतीत जरा...”

सदाशिवरावांनी फोन माझ्या हातातून घेतला. “साहेब, पद्धत-बिद्धत काई नाई. चूक माही. सही माही हाय.”

मशीन राहिलं. जुने कागद दुरुस्त करून पाठवायचं ठरलं.

दुपारभर ते पट्टी लावून प्रत्येक शून्यावर लाल रेघ मारत होते, बाजूला पूर्ण नावाची सही. शेवटच्या बारा पानांना मात्र त्यांनी हात लावला नाही. मी रुजू झाल्यापासूनची. प्रत्येकावर ‘तपासले’, आणि खाली माझी सही.

“हे तुमचे हायेत, मॅडम,” म्हणत त्यांनी पट्टी माझ्याकडे सरकवली आणि लाल पेनाचं टोपण काढून दिलं.